चूक कोणाला कळावी?

वाचकहो, एका मुलाने सहज उच्चारलेले एक वाक्य गेली वीस-बावीस वर्षे माझ्या मनात घर करून राहिले आहे. ते आपल्यापुढे ठेवावे आणि त्यातून उभा राहणारा प्रश्न आपल्या सोबतीने तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू. प्रश्न वर्गातील संगणकासंबंधी आहे खरा. परंतु संगणक चांगला की वाईट, या वादात मला शिरावयाचे नाही. तो वाद आता शिळा झाला. यंत्र वर्गात आले आहे आणि ते परत जाईल अशी चिन्हे नाहीत.

२००३ च्या सुमाराची गोष्ट. एका लहान गावी, मिशनने फार पूर्वी स्थापन केलेल्या शाळेत मी सातवीला गणित शिकवीत होतो. कोणा हितचिंतकाच्या देणगीतून शाळेला सहा संगणक मिळाले. प्रयोगशाळेशेजारची खोली झाडून-पुसून घेण्यात आली, खिडक्यांना पडदे लागले, जमिनीवर सतरंजी अंथरली गेली. प्रार्थना झाली, फीत कापली, पेढे वाटले आणि त्यानंतर चार महिने त्या खोलीला कुलूप राहिले. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असे. ‘मुले बिघडवतील’ असे आम्ही शिक्षक म्हणत असू. आम्हांला चिंता यंत्रांची होती, हे निराळे सांगावयास नकोच.

शेवटी एकदा कुलूप निघाले. चपला दाराबाहेर काढून, एका यंत्रापुढे दोघे, अशी मुले बसू लागली. एका तबकडीवर गणिताचा सराव होता. पडद्यावर उदाहरण येई. मुलाने उत्तर टंकावयाचे. चुकले तर कोपऱ्यातला एक पक्षी मान हलवून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणे, बरोबर आले तर पंख फडफडवी.

माझ्या वर्गात अठ्ठावन्न मुले होती. त्यांतला एक मुलगा मागल्या बाकावर बसे. त्याची आई सरकारी दवाखान्यात आया होती. वही स्वच्छ, अक्षर वळणदार, फळ्यावरचे सारे उतरवून घेतलेले. दोन वर्षांत त्याने एकदाही हात वर केला नव्हता, आणि एकदाही मला त्रास दिला नव्हता. शिक्षकी पेशातल्या वाचकांना ठाऊक असेल, असे मूल आपल्या नजरेतून किती सहज निसटते.

त्या दिवशी त्याचा जोडीदार गैरहजर होता. मी त्याच्या पाठीमागे उभा होतो, पण त्याला ते कळले नव्हते. पडद्यावर ५००२ मधून १३४७ वजा करावयाचे होते. त्याने ४३४५ असे लिहिले. पक्ष्याने मान हलविली. त्याने पुन्हा लिहिले. पुन्हा मान हलली. मी मोजत गेलो, अकरा वेळा तो चुकला. आश्चर्य हे, की तो मुळीच कष्टी झाला नाही. वर्गात नुसते त्याचे नाव पुकारले तरी ज्याचे कान लाल होत, तो मुलगा येथे शांतपणे चुकत होता आणि पुन्हा हात चालवीत होता.

मला राहवले नाही. म्हटले, “अरे, इथं अकरा वेळा चुकलास. वर्गात एकदा तरी हात वर करायचास.”

तो दचकला. मग खाली पाहत म्हणाला, “सर, तो कुणाला सांगत नाही.”

वाचकहो, हेच ते वाक्य.

प्रथम मला त्यात केवळ माझ्यावरचा आरोप ऐकू आला, आणि तो खराच होता. ४३४५ हे उत्तर आपण जरा निरखून पाहा. ते अंदाजाने ठोकलेले नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्या मुलाने सातातून दोन काढले. शून्यातून चार जात नाहीत, म्हणून चारातून शून्य काढले. प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा केला. हातच्याची वजाबाकी त्याला कधी उमगलीच नव्हती, आणि त्या उणिवेवर त्याने स्वतःचा एक नियम बसविला होता. १९७८ साली अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या वजाबाकीतल्या चुका त्यांनी संगणकाच्या साह्याने वर्गवार लावल्या, आणि दाखविले की मूल बहुधा वेडेवाकडे चुकत नाही. ते एखादा चुकीचा नियम मोठ्या इमानाने पाळीत असते. लहान अंक मोठ्यातून काढण्याचा नियम त्यांच्या यादीत आहेच. मी मात्र दोन वर्षे त्या इमानावर तांबडी फुली मारीत आलो होतो. फुलीने मुलाला एवढेच कळते की आपण चुकलो. कोठे चुकलो, हे त्यातून त्याला कळत नाही. आणि ते शोधण्याची तसदी फुली मारणाऱ्यालाही घ्यावी लागत नाही.

तेव्हा यंत्राचा गुण प्रथम मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. तो केवळ माझ्या अनुभवावर टेकलेला नाही. पुष्कळांच्या परिचयाचे बडोदे शहर घ्या. २००० साली तेथील नगरपालिकेच्या १०० प्राथमिक शाळांना गुजरात सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले. त्यांचा उपयोग फारसा कोठे होत नव्हता. काही तर खोक्यांतच राहिले होते, असे सांगतात. आमच्या कुलपाची आठवण होऊन मला जरा दिलासा वाटला, हे कबूल करतो. पुढे ‘प्रथम’ या संस्थेने त्यांतील काही शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका यंत्रापुढे दोघे असे बसवून गणिताचे खेळ दिले. जवळ एक तरुण प्रशिक्षक असे. शिकविणे हे त्याचे काम नव्हते, प्रत्येक मूल स्वतःला पेलेल तेथपासून खेळत राहील एवढेच त्याने पाहावयाचे होते. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाची काटेकोर तपासणी करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या गणितात पहिल्या वर्षी स्पष्ट वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी ती अधिक झाली. भाषेत मात्र फरक पडला नाही, आणि गणितातली वाढही वर्षभराने बरीच ओसरली.

त्याच अभ्यासात दुसराही प्रयोग होता, आणि तो मला अधिक बोलका वाटतो. मुंबई आणि बडोदे येथे वस्तीतल्याच, शालान्त शिक्षण झालेल्या तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमण्यात आले. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुले घेऊन त्या रोज सुमारे दोन तास बसत आणि मागल्या इयत्तांचे राहून गेलेले पक्के करून घेत. त्यांच्या मुलांचीही प्रगती झाली आणि खर्च संगणकाहून पुष्कळच कमी आला. पुढे २०१५ मध्ये दिल्लीतील काही केंद्रांवर अधिक प्रगत यंत्रप्रणाली वापरून असाच प्रयोग झाला. सहावीतले मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहे, असे तेथे आढळले. पाठ्यपुस्तक सहावीचे, गुरुजींचा तास सहावीचा, आणि मूल उभे आहे चौथीच्या उंबऱ्यावर! यंत्राने त्या मुलाला चौथीपासून उचलले. अर्धा वेळ यंत्रापुढे आणि अर्धा वेळ शिक्षक-साहाय्यकाबरोबर लहान गटात अशी तेथली घडी होती. साडेचार महिन्यांत मुले बरीच पुढे सरकली.

बालसखी आणि यंत्र यांत साम्य कोणते? दोघांनी मुलाला ते आहे तेथे गाठले, आणि गाठताना त्याची शोभा केली नाही. आम्ही शिक्षक नेमके हेच विसरलो होतो.

थोड्या शिक्षकांनी पुष्कळ मुले शिकवावीत, ही तळमळ संगणकाबरोबर जन्मली नाही. तिचा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात, मद्रासजवळच्या एग्मोर येथे झाला. अँड्र्यू बेल नावाचे पाळक १७८९ मध्ये तेथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे प्रमुख झाले. गावच्या शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत आहेत, हे त्यांनी एकदा पाहिले आणि ती रीत आपल्या शाळेत आणू पाहिली. शिक्षकांनी टाळाटाळ केली, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलालाच लहानग्यांवर नेमले. मुलांनी मुलांना शिकविण्याची ‘मद्रास पद्धती’ अशी सुरू झाली. बेलसाहेबांनी १७९७ मध्ये लंडनला तिचा वृत्तान्त छापला, आणि त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी तेथे अशाच पद्धतीच्या शाळा काढल्या. एक गुरू शेकडो मुलांना पुरतो, हा त्यांचा अभिमानाचा मुद्दा. वर्गातला ‘मॉनिटर’ तेव्हापासून आपल्या शाळांत आहे. संगणकाच्या पडद्यालाही आपण मॉनिटर म्हणतो. हा योगायोग असो वा नसो, मला तो सूचक वाटतो.

लँकेस्टर क्वेकर पंथाचे होते. छडी त्यांना मान्य नव्हती. म्हणून त्यांनी दुसरे उपाय योजिले. अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवावा, किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगावे, म्हणजे सारी शाळा त्याला हसेल. शरीराला इजा न करण्याच्या सद्हेतूने त्यांनी मुलाच्या लाजेचा उपयोग केला. आपल्याला आज हे क्रूर वाटते. परंतु “उभा राहा, आणि तुझं उत्तर सगळ्यांना मोठ्यानं सांग,” असे मी वर्गात किती वेळा म्हटले असेन, आणि त्यावर उठलेले हसू मी किती वेळा आवरले नसेन? माझ्याजवळ टोपली नव्हती, एवढेच.

म्हणूनच त्या मुलाला यंत्र आवडले. यंत्र दयाळू आहे म्हणून नव्हे. त्याच्यापाशी धीर आहे असे आपण म्हणतो, पण ज्याला थकवाच येत नाही त्याच्या न थकण्याला धीर म्हणावे काय? अठ्ठावन्न वह्या तपासून झाल्यावर एकोणसाठाव्या प्रश्नाला जी शिक्षिका शांतपणे उत्तर देते, तिच्यापाशी धीर असतो. यंत्रापुढे त्या मुलाला जो मोकळेपणा लाभला, तो समोर कोणीच नसण्याचा मोकळेपणा होता. तरीही तो त्याच्यासाठी खरा होता, आणि तो मी दोन वर्षांत त्याला देऊ शकलो नव्हतो.

येथवर मी यंत्राच्या बाजूने बोललो. आता मला वाटणारी भीती सांगतो.

‘तो कुणाला सांगत नाही’ हे २००३ साली, त्या तबकडीविषयी, खरे होते. त्या संगणकांना बाहेरची तार जोडलेली नव्हती. खोलीचा दिवा मालवला की मुलाच्या अकरा चुकाही मावळत. पाटीसारखेच ते, ओल्या फडक्याने पुसली की कोरी. आजच्या शिक्षणप्रणाली मुलाचे प्रत्येक बोट कोठे पडले, किती क्षण थबकले, कितव्या खेपेला उत्तर आले, याची नोंद ठेवतात. ती नोंद आंतरजालावरून दूरच्या भांडारात जाते. महासाथीच्या काळात तर ही यंत्रे घरोघर पोचली. ग्रामीण भारतात, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी २०१८ मध्ये स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. २०२२ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांच्या सरकारांनी त्या काळात पुरस्कारलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक साधने तपासली. भारतही त्यांत होता. दहांतील जवळजवळ नऊ साधने मुलांची माहिती अशा रीतीने हाताळीत होती की त्यांच्या हक्कांना धोका पोचावा. जाहिरातदारांपर्यंत पोचणारी साधनेही त्यांत निघाली. म्हणजे मुलाला वाटावे, हा कोणाला सांगत नाही. आणि त्याने तर परक्यांना सांगितलेले असावे. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास पालकांची संमती त्याने आवश्यक ठरविली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. मात्र काही संस्थांना त्यातून सूट देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तेव्हा कायदा आहे म्हणून शाळेने निश्चिंत व्हावे, असे नाही.

येथे आपण मला अडवाल. मुलाची चूक कोणालाच कळू नये, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. त्या मुलाची चूक दोन वर्षे कोणाला कळली नाही, हेच तर त्याचे दुर्दैव होते. पक्षी जन्मभर मान हलवीत राहिला असता आणि मुलगा जन्मभर ४३४५ लिहीत राहिला असता. मी योगायोगाने पाठीमागे उभा होतो म्हणून दोष सापडला. रोग लपविणाऱ्याला औषध मिळत नाही. तेव्हा चूक कळली पाहिजे. प्रश्न एवढाच की, ती कोणाला?

या प्रश्नाचा विचार करताना मला माझे बालपण आठवते. आपल्यापैकी जे मिशनच्या कंपाउंडात वाढले, त्यांना मी काय म्हणतो ते तत्काळ उमजेल. घरात काही वाकडे घडले, मुलगा नापास झाला, बापाची नोकरी गेली, की ते पाळकसाहेबांना कळे आणि कंपाउंडालाही कळे. दोघांना कळणारी गोष्ट एकच असे. पण पाळकसाहेब संध्याकाळी दार ठोठावीत, आत येऊन बसत, आणि दुसऱ्या दिवशी कोणाकडे तरी शब्द टाकीत. कंपाउंड मात्र विहिरीवर आणि उपासनेनंतर मंदिराच्या पायरीवर बोलत राही. पाळकांना कळले याचे दुःख कोणाला झाले नाही. कंपाउंडाला कळले याचे दुःख माझ्या आईला मरेपर्यंत राहिले.

माझी समजूत अशी आहे, वाचकहो, की दुसऱ्याची उणीव ठाऊक होणे ही नुसती माहिती नव्हे; तो देण्याचा व्यवहार आहे. ज्याला ती कळली, तो त्या माणसाचे काही देणे लागतो. डॉक्टरला आजार सांगताना आपण संकोचत नाही, याचे कारण तेच. ऐकून घेतले की उपाय करणे त्याच्या माथी येते. मुलाची चूक जाणण्याचा अधिकार त्याला आहे, जो त्या चुकीबद्दल उत्तरदायी आहे. शिक्षकाला तो आहे. आईबापांना आहे. मुख्याध्यापकांना वर्गाची एकूण स्थिती कळली पाहिजे, शिक्षण खात्याला जिल्ह्याची. पण त्यासाठी मुलांची नावे कशाला हवीत? आणि ज्याला मुलाच्या उणिवेतून फक्त गिऱ्हाईक दिसते, त्याला ती कळण्याचे काही कारण नाही. यंत्राची गोष्ट तर विचित्रच. त्याला सर्व कळते असे आपण म्हणतो, पण ते कशालाही उत्तरदायी नाही. उत्तरे मात्र ते हवी तितकी देते.

उत्तरांवरून आणखी एक सांगतो. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्न विचारला की तयार निबंध लिहून देणारी यंत्रणाही मुलांच्या हाती आली आहे. तिच्याविषयी शिक्षकांची मुख्य तक्रार नकलेची असते. नक्कल आमच्या वेळीही होती. मार्गदर्शिका पाठ करणारे आम्ही काही फार थोर नव्हतो. मला वाटणारी काळजी निराळी आहे. अशा यंत्रणेने लिहिलेल्या निबंधात मुलाची चूकच उरत नाही, आणि चूक नसली की मूल कोठे उभे आहे हे शिक्षकाला समजण्याचा रस्ता बंद होतो. वही स्वच्छ, अक्षर वळणदार, सारे बरोबर. मागल्या बाकावरचा माझा तो मुलगा दोन वर्षे असाच तर लपला होता.

त्या दिवसाची हकीकत मी अर्धीच सांगितली. त्याचे वाक्य ऐकून मी काही वेळ गप्प राहिलो. मग जोडीदाराच्या रिकाम्या जागी सतरंजीवर बसलो. म्हटले, “तुझ्याजवळ हजाराच्या पाच नोटा आहेत, आणि दोन रुपयांची चिल्लर. मला तेराशे सत्तेचाळीस दे.” तो विचार करू लागला. “सुटे करावे लागतील, सर.” “कर.” त्याने हवेतच एक नोट मोडली. हजाराचे दहा शेकडे. त्यांतला एक मोडून दहा दहाच्या. त्यांतली एक मोडून दहा रुपये, आधीचे दोन मिळून बारा. ओठ हलत होते. बारातून सात गेले, पाच. उरलेल्या दहाच्या नऊ नोटांतून चार गेल्या, पाच. नऊ शेकड्यांतून तीन गेले, सहा. चार हजारांतून एक गेला, तीन. त्याने सावकाश ३६५५ टंकले. पक्ष्याने पंख फडफडविले, कसलेसे संगीतही वाजले.

मुलाने पक्ष्याकडे पाहिले नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

चूक कोणी पाहू नये असे ज्याला वाटत होते, त्याला बरोबर आलेले उत्तर कोणीतरी पाहावयास हवे होते. यंत्र त्याच्या चुकीला पुरले. त्याच्या आनंदाला पुरले नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि याहून अधिक काही मला त्यात सापडलेले नाही.

२०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा झारखंडमधील दुमका जिल्ह्यात, दुमरथर नावाच्या गावी, शिक्षकांनी घरांच्या मातीच्या भिंतींवर काळे फळे रंगविले, प्रत्येक मुलासाठी एक. मुले आपापल्या दारापुढे बसून भिंतीवर लिहीत. शिक्षक ध्वनिक्षेपक घेऊन गल्लीतून फिरत, वाकून पाहत, दुरुस्त करीत पुढे जात. वृत्तपत्रांतून ती छायाचित्रे पाहिली तेव्हा प्रथम मनात आले की येथे तर प्रत्येकाची चूक साऱ्या गल्लीपुढे उघडी पडते. पण मग लक्षात आले, की चूक पाहणारा माणूस त्याच पावली तिच्यापाशी थांबत होता.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दूरध्वनी केला. ती आता मध्य प्रदेशात एका शाळेत गणित शिकविते. तिच्या शाळेने गणिताच्या सरावाची एक प्रणाली विकत घेतली आहे. दर शनिवारी त्यातून एक तक्ता छापून येतो. प्रत्येक मुलाच्या नावापुढे हिरवे, पिवळे, तांबडे चौकोन. व्यवस्थापनाने सुचविले होते की तक्ता वर्गाबाहेरच्या फलकावर लावावा, म्हणजे मुलांत चुरस लागेल आणि पालकांनाही दिसेल.

“सर, लावू का?” तिने विचारले.

मी तिला ती जुनी हकीकत सांगितली. मग म्हणालो, “लावायचाच असेल तर प्रत्येक तांबड्या चौकोनापुढे एक नाव लिही. या आठवड्यात त्या मुलाजवळ कोण बसणार, त्याचं नाव. नाव लिहिता येत नसेल, तर तो चौकोन लोकांना दाखवू नकोस.”

ती हसली. “सर, एकतीस चौकोन आहेत. आणि मी एकटी.”

“मग?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. “मग एकतीस वेळा माझंच नाव लिहावं लागेल,” ती म्हणाली.

तक्ता तिने लावला नाही. तो तिच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती तीन-तीन मुलांना अर्धा तास थांबवून घेते, दाराजवळच्या बाकावर, पाटी-पेन्सिल देऊन. सातवीची मुले पाटी पाहून प्रथम हसली म्हणे. या गतीने एकतीस मुले पुरी व्हावयास पाच-सहा आठवडे लागतात, आणि तोवर शनिवारच्या तक्त्यात नवे तांबडे चौकोन आलेले असतात.